जीवनसत्त्वांची गोष्ट : पानातलं बी-९

हिवाळा लागला की छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत मेथीच्या जुड्या आणि हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचे ढीग दिसू लागतात. बी-९, म्हणजे फोलेट, या पानांत भरपूर. गोळीतून मिळतं ते त्याचं कृत्रिम रूप, फॉलिक ॲसिड. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. १९४१ साली टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकातून ते वेगळं काढलं आणि हे नाव दिलं. माग मात्र आधीच लागला होता, तोही मुंबईत, परळला.

१९२८ साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. गरोदरपणात इथल्या गिरणी कामगार बायांचं रक्त इतकं उतरायचं की जीवावर बेतायचं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी थोड्या, पण आकाराने अवाढव्य दिसत. जंतूंचा संशय फोल ठरला, तेव्हा विल्स यांनी या बायांच्या ताटाकडे पाहिलं. ताटात भाजी, फळं, दूध नावालाच. तसंच निकस अन्न खाऊन आजारी पडलेलं माकड मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या काळ्या, खारट अर्काने, सुधारलं. मग रुग्ण बायांनाही तोच अर्क दिला आणि त्यांचं रक्त भरू लागलं. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पेशी एवढ्या फुगतात कशाने? एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनएची नवी प्रत लागते आणि त्यासाठी लागणारा एक-एक कार्बन फोलेट आणून पोचवतं. तो मिळाला नाही की पेशी वाढत राहते, दुभंगत नाही.

गर्भात तर पेशींची नुसती घाई असते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटण्याचा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर धोका ७२ टक्क्यांनी घटला, असं १९९१च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. आपल्याकडे दिवस राहिल्याचं कळून नाव नोंदवेपर्यंत ते २८ दिवस बहुधा उलटून गेलेले असतात. म्हणून मूल हवं असं ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला हवी. लग्न ठरल्यावर मुलीला शंभर गोष्टी सांगतात, त्यांत ही पहिली सांगावी. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती टाकून देऊ नये.

स्वयंपाकघरातही लक्ष हवं. फोलेट पाण्यात विरघळतं आणि फार शिजवलं की नासतं. अंबाडीचा आंबटपणा कमी करायला आपण ती उकडून, मुठीत घट्ट पिळून पाणी फेकतो. त्या हिरवट पाण्याबरोबर बरंचसं फोलेट मोरीत जातं. त्याच भाजीत पडणारी डाळ आणि शेंगदाणे ते थोडंफार भरून काढतात.

एक सावधगिरी. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण आतून मज्जातंतूंची हानी चालूच राहते. शाकाहारी घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी माता आणि मुलांमध्ये या जोडीचा अभ्यास केला. तो पुढच्या आठवड्यात, बी-१२ सोबत.