दुसरा पूल हवा, पण जोडरस्त्यासह

वैरागहून माल सोलापूरला गेला की पुढे कोकणची वाट मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर अशी रत्नागिरीला पोहोचते. सोलापुरी चादर-टॉवेल असो की आपल्या बार्शी तालुक्याची तूरडाळ, या वाटेवर कोल्हापूरला पंचगंगा ओलांडावीच लागते. म्हणून तिथल्या पुलाची हकीकत आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखी आहे.

पंचगंगेवरील शिवाजी पूल दगडी कमानींचा, १८७० च्या दशकातला. तो बैलगाड्यांच्या काळात बांधला गेला. शहर वाढले, ट्रक आले, पण पुलाची रुंदी तेवढीच राहिली. अरुंद पुलावर एक गाडी बंद पडली की दोन्ही बाजूंना रांग लागते. उभ्या ट्रकचे भाडे चढते, हमाल बसून राहतो, बागवानाची भाजी सुकते. हा तोटा कुठल्याच वहीत वेगळा लिहिला जात नाही. तो मालाच्या भावात मिसळतो आणि शेवटी गिऱ्हाईक व छोटा दुकानदार दोघे मिळून सोसतात.

यावर उपाय म्हणून शेजारी पर्यायी पूल सुरू झाला. परंतु जवळची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्मारक. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. पूल अर्ध्याहून पुढे गेला असताना काम थांबले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जण दगावले. त्यानंतर हालचाल झाली व २०१९ मध्ये नवा पूल खुला झाला. जी परवानगी आधी पाहायची, ती मागाहून पाहिल्याची ही किंमत!

पूल झाला म्हणजे सारे झाले, असेही नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पूल उभा होता, पण अलीकडे-पलीकडे रस्ते पाण्याखाली होते. जोडरस्ता उंच नसेल तर पुराच्या दिवसांत नवा पूल आणि जुना पूल सारखेच.

महाडची गोष्ट याहून कडू आहे. सावित्री नदीवर जुन्याशेजारी नवा पूल होता, तरी एका दिशेची वाहतूक ब्रिटिशकालीन पुलावरूनच चालू ठेवली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एसटी बसेस वाहून गेल्या. दुसरा पूल आला म्हणून पहिल्याची तपासणी सोडून चालत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. पूल मंजूर झाला की जोडरस्त्यासाठी पहिली मोजणी होते ती पुलाच्या तोंडाशी असलेल्या टपऱ्या, गॅरेज आणि भाड्याच्या दुकानांची. जमीन आपली नाही म्हणून हक्क नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, बाधित क्षेत्रात तीन वर्षांपासून काम करणाऱ्या आणि ज्यांची मुख्य रोजी त्यावर आहे अशा भाडेकरू व कारागिरांचे कुटुंबही 'बाधित कुटुंबा'त धरले आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. मात्र पुरावा लागतो: भाडेपावती, वीजबिल, दुकानाचा परवाना.

तेव्हा बंधूंनो, आपल्या भागात पुलाची चर्चा सुरू होताच कागद गोळा करा, मोजणीच्या दिवशी हजर राहा आणि हरकत मुदतीत लेखी द्या. पूल हवाच, पण तो बांधताना ज्याची रोजी जाते, त्याचे नाव यादीत असले पाहिजे. ते आपोआप येत नाही.