गायकवृंद गातो तेव्हा भाविकांनी काय करावे?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गावरून पुण्याचा रस्ता फुटतो. दरवर्षी फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मुंबई-वसईकडून येणारे कितीतरी भाविक याच चौकातून नाशिकरोडकडे वळतात. यात्रेच्या दिवसांत मराठी, इंग्रजी, कोकणी अशा अनेक भाषांतून मिस्सा अर्पण केल्या जातात आणि प्रत्येक भाषेबरोबर तिचे संगीतही येते. कोठे पेटी, तबला आणि झांजा, तर कोठे की-बोर्ड, गिटार आणि चार आवाजांत बांधलेली गीते. संगीताची मेजवानीच म्हणा ना! 'मेजवानी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण माझी काळजी तेथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात सणाची मिस्सा संपल्यावर भाविकांनी गायकवृंदासाठी टाळ्या वाजवल्या. गायन खरोखरच सुरेल झाले होते. बाहेर आल्यावर एक वृद्ध माउली मला म्हणाली, "फादर, गाणी लई गोड झाली, पण आम्हांला तोंड उघडायला कुठं मिळालं?" सेमिनरीत उपासनाशास्त्राच्या तासाला जे शिकलो, ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले.

गायकवृंद म्हणजे भाविकांसमोर कार्यक्रम सादर करणारा कलाकारांचा संच नव्हे. तो प्रार्थना करणाऱ्या समुदायाचाच एक भाग आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात गायकवृंदांना प्रोत्साहन देण्यास सांगितले आणि त्याच ठिकाणी धर्मगुरूंना बजावले, की समस्त भाविकांना गाण्यात आपला वाटा उचलता आला पाहिजे. 1967 च्या 'मुझिकाम साक्राम' या सूचनापत्राने तर भाविकांना वगळून मिस्सेतील सर्वच गायन गायकवृंदाकडे सोपवण्याच्या प्रथेबद्दल स्पष्ट नापसंती दर्शवली. 'पवित्र, पवित्र' हे स्तवन शक्यतो सर्वांनी मिळून गावे, असेही त्यात म्हटले आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पोप दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीतावर जे आज्ञापत्र काढले, त्यात स्त्रियांना गायकवृंदात स्थान नव्हते. 1955 साली पोप बारावे पायस यांनी काही अटींवर ही वाट खुली केली. आज आपल्या गायकवृंदांतून भगिनींना वजा केले, तर बहुतेक ठिकाणी मागे काय उरेल, याची कल्पनाच केलेली बरी!

मग सुरेल गाणे हा दोष आहे काय? मुळीच नाही. मिलान शहरी ख्रिस्तमंदिरातील गीते ऐकून संत ऑगस्टीन यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. परंतु तेच ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात पुढे असेही कबूल करतात, की शब्दांच्या अर्थापेक्षा सुरांनीच मन अधिक हेलावले, तर तो आपल्याला अपराध वाटतो. सोळाशे वर्षांपूर्वीची ही रुखरुख आपल्या गायकांच्या मनातही असावी, असे मला वाटते. ज्या शब्दांवर आपला विश्वास आहे तेच आपण गातो. 'प्रभू, दया कर' हे शब्द गाताना लक्ष माइककडे लागले असेल, तर ती क्षमायाचना कोणाची?

या बाबतीत आपण मराठी ख्रिस्ती भाग्यवान आहोत. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली प्रसिद्ध झाले, ते ओवीत, म्हणजे गाता येईल अशाच छंदात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे संस्कृताचे अध्ययन नाशिकला झाले आणि लक्ष्मीबाईंचे माहेर जवळच्याच जलालपूरचे. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि भजन जवळ केले. ते प्रोटेस्टंट पंथाचे होते, पण त्यांच्या भजनांनी पंथांच्या भिंती मानल्या नाहीत. भजनात एकजण ओळ उचलतो आणि बाकीचे ती झेलतात. मिस्सेतील प्रतिसाद-स्तोत्राची घडण याहून वेगळी ती काय? जी गोष्ट गोदाकाठच्या माणसाला उपजत येते, ती देवळात आल्यावर आपण त्याच्याकडून काढून का घ्यावी?

चार आवाजांतील गीतांना माझा विरोध नाही. अर्पणाच्या वेळी किंवा ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर असे एखादे गीत भाविकांनी शांतपणे ऐकले, तर तीही प्रार्थनाच होय. मन लावून ऐकणे हासुद्धा सहभाग आहे. मात्र ध्वनिमुद्रित संगीत लावून त्यावर गाण्याची जी सोय हल्ली शोधली जाते, ती मला रुचत नाही. यंत्र थांबत नाही. धर्मगुरूला किंवा एखाद्या थकलेल्या आजोबांना श्वास घ्यायचा असला, तरी ते पुढेच धावते.

सणाची तयारी करणाऱ्या गायकवृंदांना दोनच विनंत्या आहेत. सरावाच्या पहिल्या दिवशी पेटी उघडण्यापूर्वी गीताचे शब्द मोठ्याने वाचा आणि त्यांचा अर्थ एकमेकांना सांगा. आणि मिस्सेपूर्वी दहा मिनिटे राखून ठेवून स्तोत्राचे ध्रुपद भाविकांकडून दोनदा म्हणवून घ्या. मागच्या बाकांवर बसलेल्यांकडून तर अगत्याने.