नकलेच्या पुढे गेलेला वाडगा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नवव्या शतकातला एक इराकी वाडगा आहे, बहुधा बसऱ्यात घडलेला. पांढऱ्याशुभ्र झिलईवर मधोमध निळ्या अक्षरांत ‘आनंद’ या अर्थाचा अरबी शब्द दोनदा लिहिला आहे. अशा वाडग्यांना चिनी भांड्यांची नक्कल म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो निराधार नाही. अब्बासी खलिफांच्या समारा या राजधानीच्या उत्खननात चिनी आणि स्थानिक, दोन्ही पांढऱ्या भांड्यांचे तुकडे मिळाले. त्यांच्या आकारांतले साम्य नाकारता येणार नाही. तरीही ‘नक्कल’ हा शब्द फक्त सुरुवात सांगतो आणि पुढची सारी निर्मिती झाकून टाकतो.

उत्तम चिनी भांड्यांची मातीच पांढरी असे आणि ती सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली जात. बसऱ्याच्या कुंभाराकडे ना तशी माती होती, ना तेवढी तापणारी भट्टी. त्याने झिलईत कथील मिसळले. कथिलाचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, झिलई अपारदर्शक होते आणि खालची पिवळसर माती दिसेनाशी होते. चिनी कुंभाराला या युक्तीची गरजच नव्हती, त्यामुळे ती त्याच्याकडून उचललेली असू शकत नाही. पुढे याच झिलईवर चांदी-तांब्याची संयुगे रंगवून भांडे कमी आचेच्या, धुराने कोंदलेल्या भट्टीत पुन्हा भाजले जाऊ लागले. वरचा लेप पुसला की धातूचा पातळ थर सोन्यासारखा झळके. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीत, मिहराबभोवती, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवती, अशा नवव्या शतकातल्या फरशा आजही आहेत.

यावर एक आक्षेप येतो. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजात तीन निळ्या-पांढऱ्या चिनी तबकड्या होत्या. मग निळी नक्षीही चीनचीच नाही का? पण त्या तबकड्यांवरची पानांची नक्षी पश्चिम आशियाई आवडीशी जुळते, म्हणजे चिनी कारागीरही दूरच्या गिऱ्हाइकाकडे पाहून काम करत होते. चौदाव्या शतकात चीनमधल्या जिंगदेझनच्या कुंभारांनी इराणकडून आलेल्या कोबाल्टने जगप्रसिद्ध निळी भांडी रंगवली. त्यांना कोणी नक्कलकार म्हणत नाही. मग बसऱ्याला वेगळा न्याय का? कथिलाची झिलई पुढे स्पेन, इटली आणि हॉलंडच्या डेल्फ्टपर्यंत पोहोचली. ज्या उसनवारीतून नवे तंत्र जन्मते आणि शतकानुशतके इतरांच्या उपयोगी पडते, तिला शोध म्हणणेच न्याय्य आहे. संग्रहालयांनी या वाडग्यांखाली चीनचे ऋण जरूर नोंदवावे, पण बसऱ्याचे श्रेय त्याआधी लिहावे.