न थांबणाऱ्या पडद्यावरील कोडी

१९ डिसेंबर २००९ रोजी जपानात प्रदर्शित झालेला ‘प्रोफेसर लेटन अँड द इटर्नल दीवा’ हा चित्रपट निन्टेन्डो डीएस या हातातील खेळयंत्रावरील लेटन या खेळमालिकेतून जन्मास आला, हे वाचकांस विदित आहेच. उंच टोपीचा तो लंडनवासी प्राध्यापक आणि त्याचा बालशिष्य ल्यूक यांचा परिचय करून देण्यात मी जागा दवडीत नाही. कोड्यांच्या ग्रंथांचा मला फार वर्षांपासून लोभ आहे, आणि त्या लोभापायीच मी या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील एका नावापाशी येऊन थबकलो: कोड्यांचे पर्यवेक्षक, आकिरा तागो.

चिबा विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांनी १९६६ साली, कोबुन्शा प्रकाशनाच्या ‘काप्पा बुक्स’ या लोकप्रिय ग्रंथमालेत, ‘आतामा नो ताइसो’, म्हणजे डोक्याचा व्यायाम, या नावाचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्याचे २३ भाग निघाले आणि १ कोटी २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या पुस्तकाची मांडणी मला त्यातील कोड्यांइतकीच मोलाची वाटते. प्रश्न एका पानावर आणि उत्तर त्याच पानाच्या पाठीवर, अशी ती तजवीज होती. वाचकाने पान उलटेपर्यंत उत्तर त्याच्या स्वाधीन असूनही त्याला दिसत नसे, आणि किती वेळ विचार करावयाचा याचा संपूर्ण अखत्यार त्याच्याच हाती राही.

फुकुओका येथील लेव्हल-फाइव्ह कंपनीचे संस्थापक आकिहिरो हिनो बालपणी याच पुस्तकांचे भक्त होते. मेंदूच्या व्यायामाचे खेळ जपानात घरोघरी पोहोचले असता त्यांना तागोंची आठवण झाली, नुसत्या कोड्यांस त्यांनी कथेची जोड दिली, आणि १५ फेब्रुवारी २००७ रोजी मालिकेचा पहिला खेळ बाजारात आला. त्यातही पानाच्या पाठीचा तो नियम शाबूत राहिला. चुकीच्या उत्तरास गुण कमी होत, जमविलेली नाणी खर्चून सूचना मिळत, परंतु वेळेचा तगादा बहुधा नसे.

चित्रपटास ही मुभा नाही. प्रेक्षक विचारात गुंतला म्हणून पडदा त्याच्यासाठी खोळंबत नाही, आणि पी. ए. वर्क्सच्या चित्रकारांपुढे व दिग्दर्शक मासाकाझु हाशिमोतो यांच्यापुढे जो खरा पेच होता तो हाच, असे माझे मत आहे.

त्यांनी काढलेली तोड चित्रपटाच्या पूर्वार्धात आहे. क्राउन पेटोन हे ऑपेराचे नाट्यगृह प्रेक्षकांसकट समुद्रात चालू लागते, आणि जो अखेरपर्यंत टिकेल त्यास अमरत्व, उरलेल्यांस प्राणांची जप्ती, असे फर्मान सुटते. येथून दिसणारी सर्वांत प्राचीन वस्तू कोणती, हे पहिले कोडे. उत्तर लिहावयाचे नाही. देहानिशी त्या जागी जाऊन उभे राहावयाचे. ज्याने जे प्राचीन मानले तिकडे तो धावतो, आणि लेटन उघड्या डेकवर जातो, कारण माथ्यावरील तारकांहून प्राचीन तेथे काहीच नाही. दुसऱ्या कोड्यात सर्वांत मोठा मुकुट पाहावयाचा आहे, आणि तो मुकुट म्हणजे क्राउन पेटोन स्वतःच असल्यामुळे, तो दिसण्यासाठी बचावनौकेत उतरून त्यापासून दूर जावे लागते. गणिताची आकडेमोड नव्हे, तर पाहणाऱ्याने आपली जागा बदलणे, ही तागोंच्या कोड्यांची जातकुळी. येथे ती जागा शब्दशः पायांनी बदलली जाते, आणि विचार करणाऱ्या मनाऐवजी धावणारा समुदाय दिसतो. प्रेक्षकास सवड मिळत नाही हे खरे, परंतु चुकीचे उत्तर कसे दिसते हे त्याला इतक्या स्पष्टपणे कोणत्याही पुस्तकाने दाखविले नव्हते.

उत्तरार्धात मात्र ही बुद्धी मागे पडते. मुखवटाधारी खलनायक डेस्कोलचे अवाढव्य यंत्र उभे राहते, लेटन मिळेल त्या सामानातून उडते वाहन बनवितो, उंचावर द्वंद्व होते. हे सारे नेत्रसुखद आहे, पण असले साहस इतरही चित्रपटांत मिळते, आणि तागोंचा सहवास लाभलेल्या मंडळींनी ते इतके पसरावयास नको होते.

या गर्दीतही ऑस्वाल्ड व्हिसलर या संगीतकाराचे कथानक मला अतिशय प्रिय आहे. मृत कन्या मेलिना हिच्या स्मृती दुसऱ्यांच्या देहात उतरवू पाहणारा हा पिता कोणत्याही क्रमांकित कोड्यात येत नाही, तरी सगळ्या कारस्थानाचे मूळ त्याच्या शोकात आहे. त्याच्याच ऑपेरातील गायिका जेनिस हिचा आवाज नाना मिझुकी यांचा आहे. शेवटी लेटन डेट्रागान वाद्यापुढे बसतो आणि समुद्रात बुडालेल्या अँब्रोसिया राज्याचे कोडे जेनिसच्या गळ्यातून सुटते. गाणे आपला वेळ पुरेपूर घेते, त्यास कापता येत नाही. आणि तेवढ्या अवधीत हा चित्रपट प्रथमच, पान उलटण्यापूर्वी पुस्तक थांबे तसा, थांबतो.

मार्च २०१६ मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी, तागो निवर्तले. २०१७ साली लेटनच्या कन्येस नायिका करून आलेल्या खेळात कोड्यांचा कारभार कुनिआकी इवानामी यांच्याकडे गेला.