टेल्स ऑफ द शायर

टेल्स ऑफ द शायर हा न्यूझीलंडमधील वेटा वर्कशॉप या संस्थेने निर्माण केलेला व्हिडिओ गेम आहे. प्रायव्हेट डिव्हिजन या प्रकाशनसंस्थेमार्फत तो २९ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. इंग्लिश लेखक जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या कादंबऱ्यांतील शायर हा काल्पनिक प्रदेश त्याची पार्श्वभूमी असून, कथानकाचा काळ या दोन कादंबऱ्यांमधील घटनांच्या दरम्यानचा आहे.

खेळाचा प्रकार

लढाई आणि पराभवाची धास्ती यांऐवजी शेती, स्वयंपाक, घराची सजावट आणि शेजारधर्म यांवर भर देणाऱ्या निवांत खेळांना ‘कोझी गेम’ म्हणतात. जपानमधील ‘हार्वेस्ट मून’ (१९९६) आणि ‘ॲनिमल क्रॉसिंग’ (२००१) या खेळांनी ही वाट रुळवली. पुढे ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) या खेळामुळे ती जगभर लोकप्रिय झाली.

स्वरूप

हॉबिट हे बुटके, अनवाणी चालणारे आणि खाण्यापिण्याचे शौकीन लोक होत. खेळाडूने घडवलेला हॉबिट ब्री येथून बायवॉटर या वस्तीत राहावयास येतो. मासे पकडणे, परसबाग फुलवणे, रानमेवा व अळंबी गोळा करणे आणि रांधून शेजाऱ्यांना जेवू घालणे हा त्याचा दिनक्रम असतो. पंक्तीतून स्नेह वाढतो आणि स्नेहातून कथा पुढे सरकते. बायवॉटरला गाव म्हणून अधिकृत मान्यता मिळवून देणे हे अंतिम उद्दिष्ट होय. वाट चुकू नये म्हणून वाटेत बसलेले पक्षी दिशा दाखवतात.

कादंबरीतील बायवॉटर

टोल्किन यांच्या वाचकांना ही वस्ती परिचित आहे. येथील ‘ग्रीन ड्रॅगन’ या खाणावळीत बौन्यांना गाठण्यासाठी बिल्बो बॅगिन्स हातरुमालही न घेता धावत सुटतो आणि ‘द हॉबिट’मधील प्रवासाला आरंभ होतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अखेरीस फ्रोडो व त्याचे सोबती परततात, तेव्हा मात्र हीच खाणावळ ओसाड असते आणि तिच्या खिडक्या फुटलेल्या असतात. रस्त्याकडेची झाडे तोडलेली असतात आणि दूरवर विटांचे उंच धुराडे काळा धूर ओकत असते. पुढे शायर पंचांगातील १४१९ साली येथे गुंडांशी लढाई होते. तीत १९ हॉबिट मृत्युमुखी पडतात. शायरच्या भूमीवर झालेली ही अखेरची लढाई होय.

या चित्रणामागे लेखकाचे बालपण आहे. टोल्किन १८९६ ते १९०० या काळात बर्मिंगहॅमनजीक सेअरहोल या खेड्यात राहत होते. आपण दहा वर्षांचे होण्याआधीच त्या परिसराची नासधूस सुरू झाली होती, असे त्यांनी कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे.

परिचित स्थळांचे नवे रूप

पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटत्रयीतून (२००१–२००३) बायवॉटरची लढाई वगळण्यात आली. तेथे परतलेल्या नायकांना ‘ग्रीन ड्रॅगन’ पूर्वीसारखीच गजबजलेली आढळते. या चित्रपटांसाठी शस्त्रे व चिलखते घडवणाऱ्या वेटा वर्कशॉपनेच प्रस्तुत खेळ निर्माण केला आहे. खेळात ‘ग्रीन ड्रॅगन’ पुन्हा भेटते, तसेच कॉटन व सँडीमन या घराण्यांतील मंडळीही भेटतात. परंतु लढाई अद्याप कैक वर्षे दूर असते. कादंबऱ्यांत बायवॉटर मुख्यतः निघण्याचे आणि परतण्याचे ठिकाण आहे. येथे ते राहण्याचे ठिकाण होते, आणि ज्या साध्या जीवनाच्या रक्षणासाठी पुढे एवढा मोठा प्रवास घडतो ते जीवनच कथेचा विषय बनते. पुढील इतिहास जाणणाऱ्या खेळाडूला ही स्वस्थता किती नाजूक आहे हे सतत जाणवत राहते; न जाणणाऱ्याला ती केवळ सुखद वाटते.

प्रतिसाद

समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. स्वयंपाक व सहभोजनाच्या कल्पनेचे कौतुक झाले, तर तांत्रिक त्रुटी आणि साधारण दर्जाची दृश्ये यांवर टीका झाली.