रीस्टार्टनंतर बाहेर राहिलेले नोड

सात रस्त्याजवळच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळताना एक प्रकार वर्षानुवर्षं पाहिला: तीन नोडच्या क्लस्टरमधला एक रीस्टार्ट होतो आणि परत सामील होत नाही. मशीनच गेलंय असं सगळ्यांना वाटतं. खरोखर गेलेली मशीन फार थोडी निघाली. आधीची एखादी उणीव तेवढी रीस्टार्टमुळे उघडी पडायची.

भारनियमनाच्या दिवसांत गोम घड्याळात असायची. लाईट जायची, यूपीएस उतरायचा, सर्व्हर बंद. मदरबोर्डवरची सीआर२०३२, ती नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी, संपलेली असली की लाईट आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे. वेळ जुळवणारी एनटीपीडी सुरू व्हायची, पण फरक १,००० सेकंदांच्या वर दिसला की मूळ सेटिंगमध्ये ती स्वतःच थांबते. मग सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जायचं आणि नोड बाहेरच राहायचा. एवढ्याशा बॅटरीपायी अर्धी रात्र केबली बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

भारनियमन ओसरलं आणि फायरवॉलची पाळी आली. तिने सगळ्यात जास्त चकवलं. पिंग लागतो, एसएसएच होतं, तरी नोड ऑफलाईन. नोडांचा आपसातला संपर्क सांभाळणारं कोरोसिंक बोलतं यूडीपीच्या ५४०५ पोर्टवर. पिंग लागला म्हणून ते पोर्ट उघडं आहे असं होत नाही. कधीतरी घाईत कुणीतरी फायरवॉलडीमध्ये पोर्ट उघडलेलं असतं, पण 'परमनंट' न लिहिता. असा नियम नुसता चालू मेमरीत राहतो. महिनोन्‌महिने सुरळीत चालतं, पोर्ट उघडणारा नोकरी धरून पुण्याला जातो, आणि पुढच्या रीस्टार्टला नियम पुसला जातो. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरला: मागच्या रीस्टार्टनंतर या मशीनवर हाताने काय काय केलं?

कोरमबद्दल मात्र मला आदरच वाटत आलाय. तिघांपैकी दोघं एकमेकांना दिसल्याशिवाय काम सुरू होत नाही. काउंटरवर रांग असते, साहेब मागे उभे राहून 'जबरदस्तीने चालू कर' म्हणतात. तसं करू नये. दोन बाजूंना वेगवेगळ्या नोंदी पडल्या की निस्तरणं किती महाग पडतं, हे गिटहबने भोगलंय. २१ ऑक्टोबर २०१८ला त्यांचं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

तिन्ही नोड एकदम गेले तर खरी कसोटी. नोडांवरचा डेटाबेस जुळवून ठेवणाऱ्या गॅलेरामध्ये प्रत्येक नोडवर ग्रास्टेट.डॅट नावाची फाईल असते. शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक तिच्यात. लाईट अचानक गेलेली असेल तर तिथे उणे एक दिसतं, खरा क्रमांक रिकव्हरी चालवून काढावा लागतो. ज्याचा आकडा मोठा, तो नोड आधी उठवायचा. मागे पडलेला आधी उठवला तर संध्याकाळच्या शेवटच्या पावत्या गेल्याच म्हणून समजा.

आता ठरलेल्या दिवशी, भर दुपारी, सगळे हजर असताना आम्ही एकेक नोड मुद्दाम रीस्टार्ट करतो. पहिला परत येऊन डेटा पुरता जुळला, की मगच दुसऱ्याला हात लावायचा.