विश्लेषण : गंभीर गुन्ह्यात अटक झाल्यास पहिल्या २४ तासांत काय करावे?

खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा अशा गुन्ह्यात अटक झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, जामीन कधी? खरे तर त्या रात्री या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दंडाधिकारी सहसा जामीन देत नाहीत. त्यासाठी सत्र न्यायालयात जावे लागते आणि तिथे वेळ जातो. पहिल्या दिवशी महत्त्वाच्या असतात त्या दोनच गोष्टी : अटकेची वेळ आणि अटकेचे कागद.

अटकेची वेळ कशी ठरते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ नुसार, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येही हीच हमी आहे. गोंधळ होतो तो ‘फक्त चौकशीला आणले आहे’ या उत्तराने. सकाळी घरून नेलेल्या माणसाची अटक कागदावर रात्री दाखवली गेली, तर मधले तास हिशेबातून गळतात. हालचालीवर प्रत्यक्ष बंधन आले तेव्हाच अटक झाली, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून कुणी, किती वाजता, कोणत्या गाडीतून नेले हे नातेवाईकांनी लगेच लिहून ठेवावे. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते आधी मिळवावे. पोलीस ठाण्यातील चित्रण जपून ठेवावे यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

कोणते कागद मागायचे?

अटकेच्या नोंदीच्या कागदावर कुटुंबातील किंवा परिसरातील एका साक्षीदाराची आणि आरोपीची सही लागते. तारीख-वेळ वाचल्याशिवाय ती करू नये. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको.

त्याहून मोलाचा कागद म्हणजे अटकेची लेखी कारणे. वरळीतील गाडीच्या धडकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला. ही कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत आणि उशिरात उशिरा, कोठडीसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. तसे झाले नाही तर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा ठरतात. नुसती कलमांची यादी म्हणजे कारणे नव्हेत. त्या व्यक्तीवर नेमका आरोप काय, हे त्यात हवे. अर्थात, ही काही निर्दोष सुटका नव्हे. कारणे देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

पोलिसांना काय सांगावे?

नाव, पत्ता, कुणाला कळवायचे, आजार आणि चालू औषधे. गुन्ह्याबाबत स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करता येत नाही आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, जरी वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला तरी. ‘पोलिसांसमोरचा जबाब कोर्टात टिकत नाही’ हा समज मात्र अर्धवट आहे. आरोपीने सांगितलेल्या जागेवरून हत्यार निघाले, तर तेवढा भाग पुरावा म्हणून वाचला जातो.

इकडे घरच्यांनी फोनमधील संदेश पुसू नयेत. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे. फिर्यादीच्या घरी ‘समजूत काढायला’ जाणे तर जामीन नाकारायला आयते कारण देते.

वकील परवडत नसेल तर?

कोठडीतील व्यक्तीला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर मदत मागता येते. आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावर त्याला हा हक्क सांगणे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या खटल्यातच बजावले होते.

दंडाधिकाऱ्यांपुढे गप्प राहू नये. मारहाण झाली असेल, तर ती सांगण्याची पहिली जागा हीच. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे आणि अहवालाची प्रत आरोपीला मिळाली पाहिजे. अंगावरच्या खुणा त्यात नोंदवल्या आहेत का, हे वकिलाने पाहावे.

एमसीआर झाली म्हणजे चौकशी संपली?

नाही. पोलीस कोठडी, म्हणजे कोर्टाच्या आवारातली ‘पीसीआर’, एकूण १५ दिवसांचीच असते; पण नव्या कायद्यात ती तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. ९० दिवसांची तपास मुदत असलेल्या गुन्ह्यात हे १५ दिवस पहिल्या ६० दिवसांत कधीही घेता येतात. न्यायालयीन कोठडीत गेलेला आरोपी पुन्हा पोलिसांच्या ताब्यात येऊ शकतो.

आणि ९० दिवसांची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. मोजणी अटकेपासून नव्हे, तर पहिल्या कोठडीच्या आदेशापासून, तो दिवस धरून होते. खुनासारख्या गुन्ह्यात त्या मुदतीत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क बनतो. यूएपीए किंवा मकोकासारख्या कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. मात्र हा जामीन आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. ९१व्या दिवशी सकाळी आरोपपत्र दाखल झाले आणि अर्ज दुपारी दिला, तर हक्क गेलेला असतो.